राजीनाम्यावर सही नको, आधी आजाराचं नाव कागदावर येऊ दे

हातकणंगले तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. नाव-गाव काढून महत्त्वाचा भाग तेवढा खाली देतोय.

"आमचे हे शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत कामाला आहेत, ठेकेदाराकडं. वय ३७. तेरा वर्षं झाली, सगळी फेटलिंगमध्येच, आणि गेली तीन-चार वर्षं सुट्टीदिवशी जादा पैशासाठी भट्टीचं लायनिंग फोडायला पण जातात. दोन वर्षांपासून कोरडा खोकला आहे, आता जिना चढताना दम लागतो, वजन उतरलंय. टीबीचा कोर्स दोनदा झाला. बेडका दोन्ही वेळा निगेटिव्ह होता पण एक्सरेत वरच्या बाजूला डाग आहेत म्हणून गोळ्या दिल्या, फरक काहीच नाही. आता नवीन डॉक्टरांनी सीटी स्कॅन सांगितलाय. ठेकेदार म्हणतो तंबाखू खाता, बिडी ओढता म्हणून झालंय, पन्नास हजार देतो, राजीनाम्यावर सही करा, तुमच्या जागी धाकट्या भावाला लावून घेतो. दीर १९ वर्षांचा आहे, आयटीआय झालाय. सासूबाई म्हणतात पैसे घ्या. हे म्हणतात कामावर गूळ मिळतो, गुळानं छाती साफ होते. ईएसआयचं (सरकारी कामगार विम्याचं) कार्ड आहे, पगारातून पैसे कापतात. हा टीबीच आहे का? मला आणि पोरांना होईल का? सही करू का नको?"

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो कारण घाई त्याचीच आहे. सही करू नका. राजीनाम्यावर नाही, कोऱ्या कागदावर नाही, "हिशोब मिळाला, काही तक्रार नाही" असल्या कुठल्याच कागदावर नाही. ठेकेदार घरी आला तर चहा द्या, पण पेन हातात घेऊ नका. का ते पुढं सांगतोच, पण दाजींना आज रात्री एवढं तरी सांगा.

आता आजाराचं. मी दाजींना तपासलेलं नाही, एक्सरे बघितलेला नाही, त्यामुळं पत्रावरून निदान करणार नाही, पण १३ वर्षं फेटलिंग, त्यावर लायनिंगचं काम, कोरडा खोकला, चढताना दम, एक्सरेत वरच्या भागात डाग, बेडका निगेटिव्ह आणि टीबीच्या गोळ्यांनी फरक नाही, एवढं सगळं एका माणसाच्या बाबतीत लिहून आलं की छातीच्या डॉक्टरच्या मनात पहिला शब्द येतो तो सिलिकोसिस. म्हणजे कामावरची वाळूची बारीक धूळ वर्षानुवर्षं श्वासातून आत जाऊन फुफ्फुसात वण होणं. आणि दोन वर्षांत हा शब्द तुमच्या एकाही कागदावर आला नसेल तर त्याचं कारण बहुतेक वेळा साधं असतं, केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात "लेबर" लिहिलेलं असतं आणि पुढं कुणी विचारत नाही की लेबर म्हणजे नेमकं काय काम, कशाची धूळ, किती वर्षं.

फौंड्रीत साचा वाळूचा असतो हे तुम्हाला माहितीच आहे, कोल्हापूरकडं घरटी कुणी ना कुणी त्या कामात असतोच. वितळलेलं लोखंड साच्यात ओततात, गार झालं की साचा फोडून कास्टिंग बाहेर काढतात, आणि त्या कास्टिंगला जळालेली वाळू चिकटलेली असते. ती चिपिंग हॅमरनं फोडून काढायची, हँड ग्राइंडर मारून कडा साफ करायच्या, हे फेटलिंग. ती वाळू म्हणजे सिलिका, आपला गारगोटीचा दगड ज्याचा बनलेला असतो तेच. वाळूचा कण मोठा असताना तो तेवढा त्रास देत नाही, नाकात अडकतो, शिंकेतून, शेंबडातून बाहेर पडतो. घोळ होतो तो चिपिंग-ग्राइंडिंगनं तिचं पीठ होतं तेव्हा. माणसाचा केस साधारण ६०-७० मायक्रॉन जाडीचा असतो, आणि फुफ्फुसाच्या पार तळापर्यंत पोचणारा कण ५ मायक्रॉनच्या आतला, म्हणजे डोळ्याला दिसतच नाही. शेडच्या पत्र्यातून ऊन आत येतं तेव्हा त्या पट्ट्यात जी धूळ नाचताना दिसते ती त्यातल्या त्यात मोठी. खरी घातक धूळ दिसत नाही आणि काम थांबल्यावरही कितीतरी वेळ हवेत तरंगत राहते, त्यामुळं "आज धूळ कमी होती" हा डोळ्यांचा अंदाज काही कामाचा नाही. अमेरिकेत २०१६ साली जी मर्यादा ठरवली ती आठ तासांच्या सरासरीनं एक घनमीटर हवेत ०.०५ मिलिग्रॅम सिलिका एवढीच आहे. चिमटीभर तर सोडाच, तराजूला कळणार नाही इतकी.

हे कण आत गेले की शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी त्यांना गिळतात, पण सिलिका पचत नाही, उलट ती पेशीच मरते, कण परत मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळायला येते, ती पण मरते. असं चालू राहतं आणि प्रत्येक वेळी तिथं सूज येते, वण धरतो. हळूहळू ज्वारीच्या दाण्याएवढ्या घट्ट गाठी होतात, जास्त करून फुफ्फुसाच्या वरच्या भागात, आणि फुफ्फुस कडक होत जातं. टीबीचे डाग पण बहुतेक वेळा वरच्याच भागात दिसतात, म्हणून गल्लत होते. साधारण दहा वर्षं किंवा त्याहून जास्त काम केल्यावर जो होतो तो जुनाट प्रकार, धूळ जास्त असेल तर पाच ते दहा वर्षांतच होतो, आणि फारच दाट धुळीत तर काही महिन्यांत पण झालेला आहे.

लायनिंगबद्दल वेगळं लिहितो कारण पत्रात तुम्ही ते जाता जाता लिहिलंय आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटली. इंडक्शन म्हणजे विजेवरच्या भट्टीच्या आतला थर असतो ना, तो बऱ्याच ठिकाणी सिलिका रॅमिंग मासचा असतो, म्हणजे जवळपास शुद्ध सिलिकाची कोरडी पावडर ठोकून बसवलेली. ती जुनी झाली की फोडून काढतात आणि नवीन भरतात. अडचणीच्या जागेत, वाकून, कोरडं फोडायचं, कोरडंच भरायचं, आणि भट्टीच्या उष्णतेनं त्यातल्या काही सिलिकाचं क्रिस्टोबलाइट, म्हणजे सिलिकाचंच दुसरं रूप, झालेलं असतं, ते पण फुफ्फुसाला तितकंच वाईट. सुट्टीदिवशीचे ते जादा पैसे दाजींनी पोरांसाठीच कमावले असणार, त्याबद्दल त्यांना एका शब्दानं बोलू नका, पण ते काम या रविवारपासून बंद. यात मधला मार्ग नाही.

मग टीबी नाहीच का? तसंही म्हणता येत नाही, आणि हा भाग नीट वाचा. सिलिका ज्या पेशींना मारते त्याच पेशी टीबीच्या जंतूंना पण अडवत असतात, त्यामुळं सिलिकोसिसच्या माणसाला टीबी व्हायची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी पट जास्त असते. दोन्ही एकदम असू शकतं, त्याला सिलिको-टीबी म्हणतात, आणि मग गोळ्यांचा कोर्स नेहमीपेक्षा लांबवावा लागू शकतो. म्हणून गोळ्या चालू असतील तर माझं वाचून मनानं बंद करू नका. बेडका परत एकदा द्यायचा, नुसता काचेवर बघायला नाही तर सीबीनॅट (मशीनवर जंतू शोधायची तपासणी) आणि कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) दोन्हीला, सरकारी दवाखान्यात हे फुकट होतं. टीबी नक्की निघाला तर निक्षय या सरकारच्या टीबी पोर्टलवर नोंद होऊन महिन्याला १००० रुपये पोषणाचे पण मिळतात.

तुम्हाला आणि पोरांना सिलिकोसिस दाजींपासून लागत नाही, तो संसर्गाचा आजार नाही, एका ताटात जेवलात, शेजारी झोपलात तरी काही होत नाही. टीबी लागतो, म्हणून टीबी सिद्ध झाला तर मात्र घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्यायची. एक पथ्य तेवढं पाळा, कामावरचे कपडे घरात झटकू नका, बाहेरच पाण्यात भिजवा आणि ओलेच धुवा, पोरांच्या कपड्यांत मिसळू नका. आणि दाजींना विचारा, पाळी सुटताना कंप्रेसरच्या पाइपनं अंगावर हवा मारून कपडे साफ करतात का. जवळजवळ सगळे करतात, बरं वाटतं, मोकळं वाटतं, पण दिवसभर कपड्यात बसलेलं सगळ्यात बारीक पीठ त्या एका मिनिटात नाकातोंडासमोर उडतं. ते आजच बंद करायला सांगा, त्याला कुणाची परवानगी लागत नाही की पैसा लागत नाही.

सीटीचं म्हणाल तर करा. एचआरसीटी म्हणतात तो, छातीचा. पण जाताना एक काम दाजींना नीट करायला लावा, शांत बसून एका कागदावर नोकरीचा इतिहास लिहून काढायचा. कुठल्या साली कुठं लागले, काय काम, दिवसाचे तास किती, डस्ट कलेक्टर (धूळ ओढून घेणारं यंत्र) होता का, होता तर चालू असायचा का, तोंडाला काय बांधायचे, लायनिंगचं काम कधीपासून आणि महिन्यातनं किती वेळा, फौंड्रीच्या आधी दुसरीकडं कुठं धुळीचं काम केलंय का. डॉक्टरांपुढं हा कागद ठेवायचा आणि हात जोडून एकच विनंती करायची, "साहेब, केसपेपरवर फौंड्री, फेटलिंग, तेरा वर्षं, असं लिहा." सिलिकोसिसचं निदान नुसत्या फोटोवर होत नाही, धुळीचा इतिहास आणि फोटो दोन्ही जुळले की होतं, म्हणून हे एक वाक्य औषधाच्या चिठ्ठीइतकंच महत्त्वाचं आहे. सोबत जुने सगळे एक्सरे न्या, पहिल्या टीबीच्या वेळचा, दुसऱ्या वेळचा, कामाला लागतानाचा सापडला तर सोनंच. एक्सरे आयएलओच्या (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या) पद्धतीनं वाचणारा डॉक्टर मिळाला तर उत्तम, नाहीतर छातीच्या तज्ज्ञाला दाखवा, कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात मेडिकल कॉलेजचा छातीचा विभाग आहे तिथं दाखवता येईल. पीएफटी म्हणजे फुंकर मारायची तपासणी पण करून घ्या, दम किती कमी झालाय ते आकड्यात येतं आणि पुढं भरपाईच्या वेळी तो आकडाच बोलतो.

तंबाखू-बिडीचं जे ठेकेदार बोलतोय ना, ते मी दर वेळी ऐकतो, प्रत्येक कामगाराच्या बाबतीत. खरं काय ते सांगतो. बिडीनं फुफ्फुस खराब होतंच, दम्यासारखा सीओपीडी होतो, कॅन्सर होतो, आणि सिलिकाला तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं १९९७ सालीच कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत पहिल्या गटात टाकलंय, म्हणजे बिडी आणि सिलिका एकत्र हे फार वाईट. त्यामुळं बिडी सोडायचीच, आणि चूल असेल तर दाजींना तिच्या धुरापासून लांब ठेवायचं. पण बिडीनं सिलिकोसिस होत नाही. त्या गाठी सिलिकाशिवाय तयार होत नाहीत. आणि खायची तंबाखू तोंडाचा कॅन्सर करेल, पण ती फुफ्फुसात वाळू नेत नाही. बिडीवर ढकललं की फौंड्रीची जबाबदारी संपते, एवढाच त्या बोलण्याचा अर्थ.

आणि गूळ. आपल्या भागात गुळाविरुद्ध बोलणं म्हणजे अवघडच, पण बोलतो. गूळ पोटात जातो, धूळ फुफ्फुसात आहे, दोन्हीचे रस्ते गळ्यातच वेगळे होतात. घसा ओला होतो, खाकरा निघतो, थोडी तरतरी येते, म्हणून बरं वाटतं. खाऊ दे की, शेंगदाण्याबरोबर खाऊ दे, वजन उतरलंय तर चांगलंच आहे. पण गुळाचा खडा देऊन मास्क आणि डस्ट कलेक्टरचा खर्च वाचवला जात असेल तर तो गूळ महाग पडला. केळी, दूध, तसंच काही लोक म्हणतात संध्याकाळी थोडी घेतली की धूळ उतरते, ह्यातल्या कशानं एक कण बाहेर पडत नाही. उद्या कुणी "फुफ्फुस धुऊन देतो" म्हणून काढा, पावडर, मशीन घेऊन आला तर त्याच्यावर एक रुपया घालू नका.

खरं सांगायचं तर सिलिकोसिस बरा करणारं औषध अजून नाही. हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये, पण तुम्ही सरळ विचारलंय तर सरळच सांगणार. झालेले वण जात नाहीत, आणि धूळ थांबली तरी काही जणांत आजार थोडाफार पुढं सरकत राहतो. पण धूळ चालू ठेवली तर तो नक्की आणि जोरात वाढतो, फरक इथं आहे. वेळेत धुळीबाहेर काढलेली कितीतरी माणसं पुढं वर्षानुवर्षं हिंडती-फिरती राहतात, हलकं काम करतात, पोरांची लग्नं बघतात. दाजी ३७ चे आहेत, अजून जिना चढताहेत, म्हणजे आपल्या हातात अजून बरंच आहे. दम कमी करायला इनहेलरचा उपयोग होतो का ते डॉक्टर बघतील, फ्लूची आणि न्यूमोकोकलची लस घ्या, श्वासाचे व्यायाम शिकवतात ते रोज करायचे, ताप किंवा बेडक्यात रक्त आलं तर वाट बघायची नाही, आणि टीबीची तपासणी मधून मधून होत राहिली पाहिजे.

आता सहीचं आणि पैशाचं. पन्नास हजार आकडा मोठा वाटतो, घरात आजारी माणूस असताना तर फारच, सासूबाईंचं मी समजू शकतो. पण एक हिशोब करून बघा. ग्रॅच्युइटी म्हणजे शेवटचा बेसिक अधिक डीए (महागाई भत्ता) भागिले २६ गुणिले १५ गुणिले नोकरीची वर्षं. समजा बेसिक-डीए मिळून १५,००० असेल तर १३ वर्षांचे १,१२,५०० होतात. हे नोकरी सोडताना त्यांच्या हक्काचं आहे, आजार असो नसो. म्हणजे जे द्यायचंच आहे त्याच्या निम्म्याहून कमी देऊन वर सही घ्यायची चाललीय. ठेकेदार म्हणेल की तुझी १३ वर्षं माझ्याकडं कुठं झालीत, मी तर दोन वर्षांपूर्वी आलो. ही पण नेहमीची गोष्ट, गेट तेच, मशीन तेच, ठेकेदाराच्या फर्मचं नाव तेवढं बदलत राहतं. म्हणून दाजींचा पीएफचा यूएएन नंबर (नोकरी बदलली तरी न बदलणारा) शोधा आणि पासबुक, सर्व्हिस हिस्टरी काढून ठेवा, मोबाईलवर निघते, नाही जमलं तर दीर आयटीआय झालेला आहे त्याला बसवा. कुठल्या महिन्यापासून कुठल्या फर्मनं पैसे भरले ते सगळं तिथं दिसतं. पे स्लिपा, गेटपास, ईएसआयचं कार्ड, कंपनीच्या कॅम्पात एक्सरे काढला असेल तर त्याची तारीख, हे सगळं एका पिशवीत, आणि प्रत्येकाचा मोबाईलवर फोटो. कंपनीनं केलेल्या तपासणीचे स्वतःचे रिपोर्ट मागायचा कामगाराला हक्क आहे, अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

सिलिकोसिस हा १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टमध्ये नोटिफायेबल आजार होता, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी जो नवा ओएसएच कोड (कामाच्या जागची सुरक्षा आणि आरोग्य यांचा कायदा) लागू झाला त्याच्या यादीतही तो आहे. म्हणजे असा पेशंट सापडला तर कंपनीनं तर कळवायचंच, पण बघणाऱ्या डॉक्टरनं पण सरकारी फॅक्टरी खात्याला कळवायचं असतं, आपल्याकडं औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय म्हणून खातं आहे ते. आणि भरपाईच्या कायद्यात सिलिकोसिस आणि सिलिको-टीबी दोन्ही कामामुळं होणाऱ्या आजारांच्या यादीत नावानिशी आहेत, म्हणजे कामावर हात तुटला तर जसा हक्क तसाच इथं. दाजींचं ईएसआय कापलं जातंय हे त्यातल्या त्यात फार चांगलं. आजारपणाच्या रजेत पगाराच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळतात, तो झाला तात्पुरता आधार. मोठी गोष्ट पुढं आहे, ईएसआयच्या डॉक्टरांकडून स्पेशल मेडिकल बोर्डाकडं केस पाठवायची, आजार कामामुळं झालाय असं बोर्डानं मान्य केलं की कमाईची ताकद किती टक्के गेली त्या हिशोबानं दर महिन्याला पैसे, ते पण आयुष्यभर. आणि वाईटात वाईट झालं तर मागं राहिलेल्यांना पण मिळतात. पन्नास हजार एकदाच आणि हे आयुष्यभर, आता सासूबाईंनाच विचारा काय करूया.

आणि राजीनामा आधी दिला तर काय होतं? हक्क लगेच मरतो असं नाही, पण आजार ह्याच कामानं झाला हे सिद्ध करायचं ओझं तुमच्या डोक्यावर येतं, आतले कागद हाताला लागत नाहीत, बरोबरचे कामगार बोलायला घाबरतात. म्हणून क्रम असा ठेवा की आधी निदान कागदावर, मग डॉक्टरांची लेखी शिफारस की ह्यांना धुळीच्या कामापासून दूर ठेवावं, ती कंपनीला आणि ठेकेदाराला दोघांनाही देऊन पोच घ्यायची, आणि मशीन शॉप, डिस्पॅच, स्टोअर असं काम मागायचं. फेटलिंगला टनावर पैसे मिळतात तेवढे तिथं मिळणार नाहीत, हे खरंय, घरात चणचण होईल. तोपर्यंत आजारपणाची रजा वापरा. ठेकेदार ऐकत नसेल तर लक्षात ठेवा की ईएसआयच्या बाबतीत मुख्य जबाबदारी कंपनीची असते, ठेकेदाराचा माणूस म्हणून ती हात झटकू शकत नाही. जवळची कामगार युनियन गाठा, तुम्ही मेंबर नसला तरी विचारा.

ज्यांचं ईएसआय कापलंच जात नाही त्यांच्यासाठी इथंच सांगून ठेवतो, त्यांना नुकसानभरपाईचा दावा करता येतो पण त्याला दोन वर्षांची मुदत असते, तेव्हा "बघू दिवाळीनंतर" करू नका. आणि हे फक्त फौंड्रीचं नाही. खाणीवर, क्रशरवर काम करणारे आपले वडार बांधव, ग्रॅनाइट-टाइल्स कटर चालवणारी पोरं, सगळे ह्याच सिलिकाच्या धुळीत आहेत. इचलकरंजीकडं सूत-कापसाच्या धुळीत काम करणाऱ्यांना सुट्टीनंतर कामावर गेलं की पहिल्याच दिवशी छाती आवळून येत असेल तर तो बिसिनोसिस असू शकतो, साखर कारखान्यात बुरशी आलेल्या जुन्या बगॅसच्या (उसाच्या चोथ्याच्या) ढिगावर काम करणाऱ्यांना बगॅसोसिस होतो. नावं वेगळी, पण डॉक्टरकडं गेल्यावर काम काय करता ते आपणहून सांगायचं हे सगळ्यांना लागू. गुजरातेत गोध्र्याला क्वार्ट्झच्या गिरण्यांत मध्य प्रदेशातली आदिवासी माणसं कामाला गेली आणि तरणीताठी मेली, त्यातल्या २३८ जणांच्या घरच्यांना प्रत्येकी तीन लाख द्या असा आदेश सुप्रीम कोर्टानं २०१६ मध्ये दिला. राजस्थाननं २०१९ मध्ये धोरणच केलं, दाखला मिळाला की तीन लाख आणि मृत्यूनंतर वारसांना दोन लाख. हे आपोआप झालेलं नाही, संघटना, कार्यकर्ते आणि घरच्या बायका वर्षानुवर्षं कागद घेऊन फिरल्या म्हणून झालं.

राहिला दीर. ताई, त्याला त्या जागेवर पाठवू नका. भावाला ज्या धुळीनं धरलं तीच धूळ, तोच ग्राइंडर, आणि तो १९ चा आहे, म्हणजे ३२-३३ व्या वर्षी तो दाजींच्या जागी असेल आणि पत्र त्याची बायको लिहीत असेल. आयटीआय झालाय तर सीएनसी-व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचा) ऑपरेटर म्हणून मशीन शॉपला प्रयत्न करू दे, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची पंचतारांकित एमआयडीसी, तिन्हीकडं ही कामं असतात, सुरवातीला पगार कमी असेल. फौंड्रीतच जायचं म्हटलं तर आधी जाऊन बघायचं की ग्राइंडिंगच्या टेबलाला धूळ ओढणारं सक्शन आहे का आणि ते चालू असतं का, झाडलोट कोरडी करतात का पाणी मारून, मास्क खरे देतात का. तोंडाला रुमाल बांधून ही धूळ अडत नाही, साधा हिरवा सर्जिकल मास्क पण नाही, निदान एन-९५ किंवा एफएफपी-२ पाहिजे, तोही चेहऱ्याला घट्ट बसणारा, दाढी असेल तर कडेनं हवा शिरते. आणि मास्क हा शेवटचा उपाय, धूळ जिथं उठते तिथंच ओढून घेणं हा पहिला, तो मालकानं करायचा असतो.

सीटीचा रिपोर्ट आला की त्याचा आणि पीएफटीचा फोटो मला पाठवा, ईएसआयला द्यायच्या अर्जात काय लिहायचं ते मी सांगतो. तोपर्यंत ठेकेदार आला तर दाजींनी, तुम्ही आणि सासूबाईंनी तिघांनीही एकच सांगायचं, "डॉक्टरांनी तपासण्या सांगितल्यात, त्या झाल्याशिवाय आम्ही कशावर सही करणार नाही." आवाज चढवायची गरज नाही, भांडायची गरज नाही. दिराला विचारलं तर त्यानं सांगायचं, मला मशीन शॉपला जागा असेल तर बोला.